मध्येच पुकारलेला महिना

इंग्रजीत ‘इंटरकॅलरी’ असं एक विशेषण आहे. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही ते सहसा लागत नाही. मला मात्र आयुष्यात ते दोनदा लागलं, आणि दोन्ही वेळा त्यावरून माझं कुणाशी तरी वाजलं. पहिल्या वेळी जिच्याशी वाजलं तिच्याशी मी पुढे लग्न केलं. दुसऱ्या वेळी ती या जगात नव्हती.

दुसऱ्या वेळचं आधी सांगतो, ते ताजं आहे. पवईच्या एका ऑफिसात मी नोकरी करतो. आम्ही मोबाइलवरची दिनदर्शिका बनवतो. तिथी, उपास, चंद्रोदय, सगळं तिच्यात असतं. मराठी घरांतल्या ज्या मुलांना मराठी वाचायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी सणावारांची माहिती इंग्रजीतून लिहायची, हे माझं काम. यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यावर मी चार परिच्छेद लिहिले आणि पहिल्याच ओळीत त्याला ‘इंटरकॅलरी मंथ’ म्हटलं.

आमची संपादक म्हणजे पंचविशीतली, हुशार आणि फटकळ पोरगी. ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“हे इंटरकॅलरी काय आहे रे? कोण समजणार हे, यार? एक्स्ट्रा मंथ टाक ना. सिंपल.”

“एक्स्ट्रा नाहीये तो.”

“अधिक म्हणजे एक्स्ट्राच ना?”

मी तिला समजावून सांगायला लागलो. रोममध्ये पूर्वी लोकांच्या घरी पंचांग नसायचं. महिना लागला की पुजारी लोकांसमोर उभा राहून तसं ओरडून सांगायचा. पुकारणं या अर्थाच्या त्या जुन्या क्रियापदातूनच कॅलेंडर हा शब्द आला. चंद्राचं आणि सूर्याचं जमेनासं झालं की हे पुजारी फेब्रुवारीच्या पोटात एक अख्खा महिना घुसवायचे. तोही पुकारूनच. मध्येच पुकारलेला, म्हणून इंटरकॅलरी. कुणी पुकारलाच नाही तर तो महिना नव्हताच. पुजारी यात लबाड्याही करायचे म्हणतात. मर्जीतला माणूस अधिकारावर असला की महिना पुकारायचा, नावडता असला की गप्प बसायचं. आपल्याकडे तशी सोय नाही. आपला अधिक गणिताने येतो. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य एकही रास ओलांडत नाही तो अधिक. म्हणजे दिवस उगवतात, मावळतात, पण सूर्य आपल्या राशीतून काही बाहेर पडत नाही.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण लोक दोन सेकंदांत स्क्रोल करतात रे. एक्स्ट्रा टाक.”

मग माझा आवाज चढला. एक्स्ट्रा म्हणजे जास्तीचा, नको असलेला, वरून मिळालेला, उरलेला, आणि तुम्हाला प्रत्येक गोष्ट उरलेलीच का करून ठेवायची असते, असं काहीतरी मी बोललो. आजूबाजूच्यांनी कानातले हेडफोन काढले. तिने लॅपटॉप मिटला आणि ती अगदी हळू म्हणाली, “ओके. ठेव तुझा शब्द.”

त्या हळू बोलण्याचा मला जास्त राग आला. बायको गेल्यापासून ऑफिसात माझ्याशी सगळे असंच हळू बोलतात. मी जेवायच्या सुट्टीत स्वतःच तो शब्द काढला आणि ‘एक्स्ट्रा’ लिहिलं. ॲपमध्ये अजून तसंच आहे.

खरं म्हणजे माझा राग तिच्यावर नव्हताच. त्याच आठवड्यात वर्षश्राद्धाची चौकशी करायला मी गुरुजींना फोन केला होता. बायको कार्तिकात गेली. सकाळी डबा घेऊन कॉलेजला शिकवायला गेली, दुपारी तिथून फोन आला, संध्याकाळी सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, एवढंच डॉक्टर म्हणाले. गुरुजींनी पंचांग उघडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. “यंदा अधिक आहे ना,” ते म्हणाले. “तुमचं वर्ष तेरा महिन्यांचं धरायचं.” मी बरं म्हणून फोन ठेवला. दुःखालासुद्धा एक महिना वाढवून मिळाला होता, आणि मुळात मला दुःख होतच नव्हतं.

हे मी शोभेसाठी म्हणत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं मला आतून झालं होतं. मी रडलो नाही. स्मशानात नाही, दहाव्याला नाही, तिचे कपडे देऊन टाकतानाही नाही. दहिसरला आमच्या टॉवरमधले लोक लिफ्टमध्ये म्हणायचे, “छान सावरलात हं.” मी मान डोलवायचो. दूध उतू जाताना ओट्याशी उभा राहून बघत बसायचो. गॅस बंद करायला हवा हे कळायचं, पण ते काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटायचं. मग ओटा पुसायचो. जेवणाला चव होती की नाही हे मला सांगता आलं नसतं.

आता पहिल्या वेळचं सांगतो.

तेव्हा मी भाषांतराची मिळतील ती कामं करायचो. घाटकोपरला एका प्रकाशकाचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. त्यांच्यासाठी अकरावीच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाचं मराठी मी केलं. त्यात ‘इंटरकॅलरी’ आलं. मला वनस्पतिशास्त्र येत नव्हतं पण पंचांग येत होतं. गिरणी बंद पडल्यावर आमचे वडील दहिसरच्या चाळीत लोकांना तिथ्या आणि मुहूर्त सांगायचे, तेवढंच माझं भांडवल. मी बिनधास्त ‘अधिक ऊती’ असं लिहून टाकलं. मजकूर तपासायला त्यांनी मुलुंडहून एका कॉलेजातल्या बाईंना बोलावलं होतं. त्या बाई आल्या, म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी आली, आणि तिने विचारलं, “गवताला कसला अधिक महिना?”

मी रोमचं सगळं पुराण तिला ऐकवलं. पुजारी, फेब्रुवारी, पुकारणं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “खाली या जरा.” फुटपाथच्या कडेला फरशीच्या फटीतून गवत आलं होतं. तिने एक काडी उपटली आणि नखाने पेराशी चिरली.

“हे बघा. झाड टोकाला वाढतं. गवत इथे वाढतं, पेराशी. मधेच. म्हणून गाईने वरचं खाल्लं तरी त्याचं काही बिघडत नाही. याला आंतरीय म्हणायचं. अधिक काय, अधिक!”

मी शब्द बदलला. पण पुजाऱ्याची गोष्ट तिला आवडली होती, कारण पुढच्या खेपेला तिने ती मलाच पुन्हा सांगायला लावली. मग आम्ही घाटकोपरला न जाताही भेटायला लागलो. ती मला ‘अरे-तुरे’ करायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता काही खरं नाही.

आम्ही मुंबईच्या दोन टोकांचे होतो. माझ्या घराजवळ दहिसरचा चेकनाका, तिच्या घराजवळ मुलुंडचा. मध्ये अख्खं नॅशनल पार्क. “बिबट्याला सरळ रस्ता आहे,” ती म्हणायची, “आपल्यालाच घोडबंदरचा वळसा.” तिचं घर मुलुंडला दोन पिढ्यांपासूनचं. वडील बँकेत होते, ते आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी गेले. आई आणि आत्या मागे राहिल्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती तरुणपणीच विधवा झाली आणि भावाकडे आली ती कायमची. सासूबाई तिला वन्सं म्हणतात आणि घरातलं देवाधर्माचं सगळं तिच्या सांगण्यावरून चालतं.

त्यांच्याकडे अधिक महिना पाळतात. आमच्या कोकणातल्या घरी जावई आला की कोंबडी-वडे करायचे, एवढाच सत्कार. इथे मला नारायण करून टाकलं होतं. अधिकात लेक आणि जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. त्यांना जेवायला बोलावायचं, शेजारी शेजारी पाटावर बसवायचं, आणि तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे रचून त्यावर दिवा ठेवून ते वाण द्यायचं. वाण घेताना नवऱ्याने दोन्ही हात पुढे करायचे आणि बायकोने त्याच्या उजव्या कोपराला आपली बोटं लावायची. म्हणजे ते दोघांना पोचतं. आत्या दर वेळी शेजारी उभी राहून सांगायची, “हाताला हात लाव गं.” मागचा अधिक श्रावणात आला होता. त्या वेळी बायकोने बोटं लावायच्या निमित्ताने मला कचकचून चिमटा काढला. नारायण ताटासकट हलला आणि दिवा विझता विझता वाचला. सासूबाई हसल्या. आत्या हसली नाही. घरी जाताना रिक्षात बायकोने नारायणाच्या वाट्याचे अनारसे उघडून खायला सुरुवात केली आणि म्हणाली, “अडीच-तीन वर्षं तुला कुणी विचारत नाही. अधिकात तेवढा भाव खाऊन घे.”

आता अधिक ज्येष्ठ लागला आणि सासूबाईंचा फोन आला.

“मी बोलतेय,” त्या म्हणाल्या.

पूर्वी त्या म्हणायच्या, “जावईबापू, मी बोलतेय, मुलुंडहून.” मला दुसऱ्या कुठल्या गावीही सासू असावी, अशा थाटात. बायको त्याची नक्कल करायची. कार्तिकापासून ते जावईबापू गेलं. पहिल्यांदा मला वाटलं गडबडीत राहिलं असेल. मग लक्षात आलं की त्या मला काहीच म्हणत नाहीत. वाक्याची सुरुवात थेट विषयाने करतात. मला त्यांची अडचण कळत होती. लेक नाही तर जावई कुणाचा? मी त्यांना अजून आई म्हणायचो, पण तोंडातल्या तोंडात.

“अधिक लागला,” त्या म्हणाल्या. “दर वेळी देतो आपण. वन्सं म्हणतात, वर्षाच्या आत सण करत नाहीत. आणि वाण जोडीला असतं. एकट्याला कसं द्यायचं?”

“खरं आहे त्यांचं,” मी म्हटलं.

“मी पीठ केलंय.”

अनारशांचं पीठ म्हणजे सकाळी ठरवलं आणि दुपारी केलं असं नसतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून डब्यात मुरत ठेवायचं. म्हणजे आत्याचा नकार ऐकून घेत घेत ती बाई आठवडाभर हे करत होती.

“रविवारी जेवायला तर या,” त्या म्हणाल्या. “वाणाचं बघू.”

फोन ठेवला आणि मी बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. मला काही वाटत नव्हतं, तरी एक गोष्ट साफ कळत होती. रविवारी वाण दिलं नाही तर मी त्या घरचा कुणी राहणार नव्हतो. भांडण होणार नव्हतं, कुणी कुणाला तोडून बोललं नसतं. दिवाळीला एक फोन झाला असता, मग तोही बंद. तिच्या लहानपणाची आठवण असलेली माणसं जगात आता दोनच उरली होती, आणि ती दोन्ही मुलुंडला होती.

गावी माझी आई थोरल्या भावाकडे असते. तिला फोन केला.

“जा मरे,” ती म्हणाली. “बोलवल्यानी हा तर जाऊक होया.”

“वाण देतील की नाही माहीत नाही गं.”

“तां माका काय विचारतंस? तेंचा तेंका ठरवूंदे. तू जेवन येय.”

रविवारी बसने गेलो. मे महिन्याचं ऊन, खाडीवरून येणारा चिकट वारा, बसमध्ये पुढच्या सीटवर कुणाची तरी आंब्याची पेटी. मी खिडकीतून डोंगराकडे बघत होतो. त्या डोंगराच्या पलीकडे माझं घर आणि अलीकडे तिचं. बायको असती तर तिने बिबट्याचं काढलंच असतं. आठवलं, तरी काही झालं नाही.

दार आत्याने उघडलं. सत्तरी उलटलेली, काटक, बारीक किनारीची साडी. “या,” म्हणाली आणि आत गेली. माझ्यासाठी तीही काही शब्द वापरत नव्हती.

वन रूम किचनचं घर. बाहेर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू येतं. मी पंख्याखाली बसलो. समोर भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता आणि शेजारी बायकोचा, हार घातलेला. आत तुपाचा वास सुटला होता. मग चर्र आवाज झाला आणि सासूबाईंचा “अगं बाई” ऐकू आला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. आणि मग काहीच नाही.

मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. कढईत अनारसा फुटून त्याचा नुसता भुगा तरंगत होता. बाजूच्या चाळणीत आधीचा तसाच भुगा काढून ठेवला होता. तुपात पडल्यावर अनारसा असा विरघळला की आपल्याकडे म्हणतात, अनारसा हसला. इतक्या वर्षांत सासूबाईंचा एकही अनारसा हसलेला मी पाहिला नव्हता. उलट शेजारणी हातात पीठ घेऊन त्यांच्याकडे यायच्या.

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. “हसले,” त्या म्हणाल्या. “सगळे हसले.” मग खाली फरशीवर बसल्या आणि हातातला झारा बाजूला ठेवला. “वन्सं, तुमचंच खरं. देवाच्या मनात नाही. नको द्यायला.”

आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. मला वाटलं, आता हे मिटलं. आम्ही वरणभात जेवू, मी चार वाजताची बस पकडेन. मी तसं म्हणणारही होतो.

“देवाच्या मनात नाही कसलं,” आत्या म्हणाली. “गूळ जास्त झालाय. ऊठ तिथून.”

सासूबाई उठल्या नाहीत. आत्याच उठली. तिने परातीत पीठ काढलं, चिमूट तोंडात टाकून बघितली, डब्यातून कोरडी तांदळाची पिठी आणली आणि मळायला बसली. मला म्हणाली, “उभे का? बसा ना.” मी दाराच्या उंबऱ्यालगत फरशीवरच बसलो.

मळता मळता ती बोलायला लागली. आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती.

“आमचे हे गेले त्यानंतरचा पहिला अधिक आला तेव्हा मी सासरीच होते, इथेच मुलुंडला. माहेर दोन गल्ल्यांवर. आईने धाकटीला बोलावलं, तिच्या नवऱ्याला वाण दिलं. मला बोलावलं नाही. जोडी नाही, बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी गड्याच्या हाती अनारसे पाठवले. डब्यात. वरती कागद घातला होता, तूप बाहेर येऊ नये म्हणून.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. खाल्ले. चांगले झाले होते.” तिने पिठाची गोळी खसखशीवर थापली. “शास्त्र आहे ते आहे. मी माझ्या मनचं सांगत नाही.”

“तुम्ही म्हणाल तसं, वन्सं,” सासूबाई खालूनच म्हणाल्या.

“मी काय म्हणू? उद्या हे दुसरं लग्न करतील. करायलाच हवं, वय काय यांचं? मग तू कुणाला वाण देत बसणार आहेस?”

हे ती माझ्या तोंडावर बोलत होती. मला राग यायला हवा होता, किंवा लाज तरी वाटायला हवी होती. मी फरशीवर सांडलेली खसखस एका बोटाने गोळा करत होतो.

सासूबाई म्हणाल्या, “त्यांनाच देईन. दोघांना.”

आत्या उठून ओट्याशी गेली. थापलेला अनारसा तिने अलगद तुपात सोडला. खसखस वरच्या बाजूला. उलटायचा नसतो तो, झाऱ्याने नुसतं वर तूप उडवत राहायचं. तो फुटला नाही. जाळी पडली, रंग आला. तिने तो काढून चाळणीत उभा ठेवला आणि दुसरा सोडला. सासूबाई उठून परातीपाशी थापायला बसल्या. पुढचा तासभर दोघी म्हाताऱ्या घाम पुसत अनारसे करत होत्या आणि वाण द्यायचं की नाही हे कुणीच सांगत नव्हतं.

शेवटचा घाणा निघत असताना बेल वाजली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या पदराला हात पुसत बाहेर गेली. समोरच्या ब्लॉकमधली शेजारीण होती. या मजल्यावर चार बिऱ्हाडं, आणि एकाकडे काय शिजतंय हे बाकी तिघांना कळल्याशिवाय राहत नाही.

“अनारशांचा वास आला म्हणून म्हटलं,” शेजारीण म्हणाली. मग आवाज खाली आणून, “पण तुमचं वर्ष व्हायचंय ना अजून? कोण आलंय?”

सासूबाईंचा झारा कढईवर थांबला. मी जिथे बसलो होतो तिथून मला आत्याची पाठ दिसत होती आणि उघड्या दारातून पलीकडचा जिना.

“जावई आलेत आमचे,” आत्या म्हणाली. नुसतं म्हणाली नाही, पुकारलं. चारही दारांना आणि खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “अधिकाचं वाण आहे आज.”

“अच्छा,” शेजारीण म्हणाली. “मला वाटलं...”

“जावई आहेत. नंतर देते आणून अनारसे.” आणि तिने दार लावून घेतलं.

आत आली ती सरळ देव्हाऱ्याकडे गेली. फळीवरचं तांब्याचं ताट काढलं, चिंचेने घासायला मोरीत बसली आणि तिथूनच ओरडून सूचना द्यायला लागली. पाट मांड. रांगोळी दोन बोटं ओढ, जास्त नको, वर्ष आहे. फुलवात तुपात भिजव. सासूबाई एखाद्या लहान मुलीसारख्या धावत होत्या. त्यांनी एकच पाट मांडला. मग थांबून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बसा, जावईबापू.”

मी बसलो. कपाळाला कुंकू लागलं, अक्षता पडल्या. सासूबाईंनी अनारसे ताटात रचले. मोजणी आत्या करत होती, आणि दोनदा चुकली. वर दिवा ठेवला, ज्योत लावली. दोघी आता नेहमीच्या होत्या, नेहमीसारख्या एकमेकींवर चिडत होत्या, आणि मला बरं वाटत होतं. बरं वाटतंय हे कळायलाच मला थोडा वेळ लागला.

सासूबाईंनी ताट उचलून माझ्यापुढे धरलं. मी दोन्ही हात पुढे केले.

“हाताला हात ला...” आत्या म्हणाली, आणि थांबली.

इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं होतं. तिने पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी ताट तसंच धरून ठेवलं होतं, दिव्याची ज्योत त्यांच्या आणि माझ्या मध्ये होती. मी हात पुढे करून तसाच बसलो होतो आणि मला समजलं की मीही थांबलोय. उजव्या कोपराशी बोटं लागायची वाट बघतोय. चिमट्याची तयारी ठेवून बसलोय.

कुणाचंच बोट लागलं नाही. तिथे, कोपराशी, मला पहिल्यांदा दुखलं. मग ते वर सरकत गेलं आणि मला श्वास घेता येईना. कार्तिकापासून जे आलं नव्हतं ते सगळं तिथूनच आलं. मी मोठ्याने रडलो. आवाज दारापलीकडे गेला असणार, चारही दारांत गेला असणार.

“घ्या,” सासूबाई म्हणाल्या. त्याही रडत होत्या, पण ताट त्यांनी हलू दिलं नाही. “घ्या, जावईबापू. जड आहे.”

मी घेतलं. आत्या खाली बसली आणि तिने ताटाला खालून हात लावला.